तोफ न डागणारी युद्धनौका

बीबीसीची ‘वॉरशिप’ ही मालिका १९७३ ते १९७७ या काळात चार पर्वांत दाखवली गेली. ‘एचएमएस हीरो’ या काल्पनिक फ्रिगेटवरचे जगणे हा तिचा विषय. तिच्यावर आणि तिच्या जातकुळीच्या मालिकांवर दोन आक्षेप हमखास घेतले जातात. एक, ही नौदलाची जाहिरात आहे. दुसरा, युद्ध नसेल तर युद्धनौकेवर नाट्य कुठले? उरतो तो गणवेश चढवलेला घरगुती जिव्हाळा-जाच. दोन्ही आक्षेप तपासून पाहण्याजोगे आहेत आणि तपासले की दोन्ही टिकत नाहीत.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे तेवढे आधी मान्य करू. चित्रीकरणासाठी ब्रिटिश नौदलाने खऱ्या युद्धनौका दिल्या. ‘हीरो’ची भूमिका मुख्यतः ‘एचएमएस फीबी’ने केली. ती मोहिमेवर असे तेव्हा त्याच लिअँडर वर्गातल्या दुसऱ्या नौकेवर ‘एफ ४२’ हा तिचा क्रमांक रंगवून काम भागवले जाई. एवढी मदत कोणतेही नौदल फुकट करत नाही. चांगले तरुण भरतीला यावेत ही अपेक्षा असणारच. मालिकेचा एक जनक इयन मॅकिन्टॉश तर स्वतः नौदल अधिकारी होता.

पण मदत घेतली म्हणजे लेखणी गहाण पडली, हा निष्कर्ष घाईचा आहे. याच मॅकिन्टॉशने पुढे ‘द सँडबॅगर्स’ ही गुप्तहेरांवरची मालिका लिहिली आणि तिच्यात सरकारी यंत्रणेतल्या सत्तास्पर्धेची जराही भीड ठेवली नाही. जाहिरातीला एक चेहरा लागतो, न हरणारा, न जाणारा. ‘वॉरशिप’ने नेमके उलट केले. पहिल्या दोन पर्वांचा कमांडर नायल्स प्रेक्षकांच्या परिचयाचा झाला, आणि तिसऱ्या पर्वात त्याच्या जागी कमांडर ग्लेन आला. चौथ्यात कॅप्टन होल्ट. नौदलात असेच होते. कप्तानाची बदली होते, नौका कामावर राहते. नायकपूजेचा मोह टाळून ही शिस्त कथेत आणणे हे प्रामाणिकपणाचेच लक्षण आहे.

दुसरा आक्षेप तर युद्धनौकेचे कामच न समजल्यामुळे घेतला जातो. तिच्या आयुष्यातला बहुतेक काळ शांततेतच जातो. मालिका दाखवली गेली त्या सत्तरच्या दशकात लिअँडर वर्गाच्या फ्रिगेट आइसलँडच्या समुद्रात ब्रिटिश मच्छीमार जहाजांचे रक्षण करत होत्या. युद्ध पुकारलेले नव्हते, तरी आइसलँडच्या गस्ती नौकांशी टकरी होत होत्या. सुकाणूवरची एक चुकीची आज्ञा आणि दोन मित्रराष्ट्रे हातघाईवर, असा तो प्रकार. यापेक्षा अवघड प्रसंग तोफांच्या धुरातही क्वचितच उभा राहील.

आणि नौकेच्या आत? सुमारे ११३ मीटर लांबीत अडीचशे माणसे. एकावर एक बिछाने, चार-चार तासांच्या पाळ्या. संध्याकाळी चार ते आठ ही पाळी दोन-दोन तासांत तोडलेली, म्हणजे रोज त्याच माणसाच्या वाट्याला मध्यरात्र येऊ नये. शिस्तभंगाची सुनावणी पाहा. रजेवरून उशिरा परतलेला खलाशी कप्तानाच्या मेजासमोर ताठ उभा. नौकेवरची शिस्त सांभाळणारा मास्टर-अ‍ॅट-आर्म्स हुकूम देतो, टोपी उतरते, आरोप वाचला जातो. मग त्याच्याच विभागाचा अधिकारी त्याच्या बाजूने दोन शब्द बोलतो. ज्याला शिक्षा करायची त्याच्याच हातात उद्या इंजिनरूमची झडप, म्हणजे सगळ्यांचा जीव असणार आहे, हे कप्तान जाणून असतो. न्याय कठोर हवा आणि माणूसही टिकायला हवा, हा पेच घरगुती म्हणून उडवून लावता येत नाही. सत्ता आणि माणुसकी यांचाच तो पेच आहे.

आपल्यालाही ही गोष्ट परकी नाही. ‘हीरो’च्याच लिअँडर आराखड्यावर मुंबईच्या माझगाव डॉकने फ्रिगेट बांधल्या. ‘आयएनएस निलगिरी’ १९७२ मध्ये नौदलात दाखल झाली आणि १९८१ पर्यंत तिच्या पाठच्या पाच आल्या. त्या बांधणाऱ्या कामगारांची आणि त्यांवर नोकरी केलेल्या खलाशांची घरे आपल्या आसपास आहेत. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर पल्लवी जोशींच्या ‘आरोहण’ने नौदलात अधिकारी होऊ पाहणाऱ्या मुलींची कथा सांगितली, ती वाट पुढे रुंद व्हायला हवी होती. आपल्या पडद्याला मात्र नौदल आठवते ते बहुधा पाणबुडी बुडवताना आणि तिरंगा फडकताना.

खरी जाहिरात तिथे असते. ज्या कथेत खलाशी फक्त हौतात्म्यासाठी येतो, तिथे त्याची पाळी किती लांबली, घरी काय बिनसले, वरिष्ठ चुकला तर तो काय करतो, हे विचारायला जागाच उरत नाही. नौदल आपल्या करातून चालते आणि आपल्या मुलांच्या बळावर चालते. त्यामुळे त्याचा शांततेतला दिवस पाहण्याचा, त्यातला न्याय-अन्याय जोखण्याचा हक्क आपला आहे. ‘वॉरशिप’सारख्या मालिका तो हक्क बजावतात. नौदलाची मदत घेऊन, पण नौदलाच्या माणसांकडे डोळे उघडे ठेवून केलेली अशी मालिका मराठीत व्हावी, आणि ती युद्धाची वाट न पाहता व्हावी.