उत्पन्न कशाला म्हणावे?

नोकरदाराला उत्पन्न विचारले तर तो रुपयांत सांगतो. शेतकऱ्याला विचारले तर तो बहुधा क्विंटलांत सांगतो. दोघांचेही चुकत नाही. तहसील कार्यालयाच्या ‘उत्पन्नाच्या दाखल्या’त हा शब्द पैशाच्या प्राप्तीचा वाचक आहे, तर ‘कृषी उत्पन्न बाजार समिती’त तो शेतमालाचा वाचक आहे.

या दुहेरीपणाचे मूळ व्युत्पत्तीत आहे. ‘उद्’ हा उपसर्ग व ‘पद्’ हा धातू यांपासून सिद्ध झालेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ‘उद्भवलेले, निपजलेले’ असा होतो. याउलट संस्कृतातील ‘आय’, फार्सीतून आलेली ‘आमदनी’ व इंग्रजीतील ‘इन्कम’ या तिहींच्या मुळाशी ‘येणे’ ही क्रिया आहे. कौटिल्याने तर आयाच्या जोडीला व्यय आणि उरलेली शिल्लक, म्हणजे ‘नीवी’, यांचाही हिशेब मांडला. हे शब्द घराच्या उंबरठ्याशी मोजमाप करतात; आपला शब्द खळ्यावर करतो.

खळ्यावरचे धान्य प्रामुख्याने घरातच खाल्ले जात होते, तोवर या दोन मोजमापांत फारसे अंतर नव्हते. आता बियाणे, खते व मजुरी यांसाठी रोख रक्कम लागते आणि माल बाजारात जातो. समजा, एखाद्या शेतकऱ्याला गतवर्षी १०० क्विंटल कांदा झाला व क्विंटलला २,००० रुपये भाव मिळाला. यंदा १३० क्विंटल झाला; परंतु सर्वत्रच पीक भरघोस आल्याने भाव १,२०० वर उतरला. दोन्ही वर्षी खर्च १ लाख रुपये धरला, तर त्याच्या हाती १ लाखाऐवजी ५६ हजारच उरतात. भाव उतरला म्हणून कोणी दुप्पट कांदा खात नाही, हे त्याचे कारण. उत्पन्न वाढले आणि उत्पन्न घटले, ही दोन्ही विधाने येथे एकाच वेळी खरी ठरतात!

शेतकऱ्यांचे उत्पन्न २०२२ पर्यंत दुप्पट करण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने २०१६ साली जाहीर केले, तेव्हा ते अर्थातच प्राप्तीविषयी होते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७७ व्या फेरीत २०१८-१९ या कृषी वर्षासाठी देशातील शेतकरी कुटुंबाची सरासरी मासिक प्राप्ती १०,२१८ रुपये आढळली. तीत पिकांपासून निव्वळ ३,७९८ रुपये, तर मजुरी व वेतनापासून ४,०६३ रुपये होते. स्वतःच्या शिवारापेक्षा दुसऱ्याकडील कामाने घरात अधिक पैसा यावा, हे चित्र विक्रमी पिकांच्या आकड्यांत दिसत नाही.

म्हणून निदान शासकीय कागदपत्रांत तरी पिकाला ‘उत्पादन’ म्हणावे, ‘उत्पन्न’ हा शब्द खर्च वजा जाता उरणाऱ्या रकमेसाठी राखावा आणि दोन्ही आकडे शेजारीशेजारी छापावेत. शब्द बदलल्याने कांद्याला भाव मिळणार नाही, हे उघड आहे. तथापि, पोती मोजून समृद्धीचे दाखले देण्याची सोय तरी त्यामुळे उरणार नाही.