बिंबाजींबरोबर कोण कोण आले?

रायपूरच्या मराठी घरांत वंशावळीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी पडते: ‘आमचे मूळपुरुष बिंबाजी भोसल्यांबरोबर आले.’ नागपूरच्या भोसले घराण्यातल्या बिंबाजींनी १७५८ ते १७८७ या काळात रतनपुराहून छत्तीसगड सांभाळला, हे खरेच. पण १८१८ नंतर इंग्रजांनी कारभाराचे ठाणे रायपूरला हलवले, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, १८८८ च्या सुमारास रेल्वे आली आणि या प्रत्येक टप्प्यावर नागपूर-वऱ्हाडकडची माणसे नोकरी-वकिलीसाठी इकडे येत राहिली. सगळ्यांच्याच पणजोबांना बिंबाजींच्या फौजेत कसे बसवायचे?

यावर काही जण म्हणतात, थुंकीची डीएनए चाचणी करा, सगळे उलगडेल. ती चाचणी जवळचे नातेवाईक ओळखू शकते, पण गाव सांगत नाही, नाव सांगत नाही. शिवाय आठ-नऊ पिढ्यांमागच्या एखाद्या पूर्वजाचा जनुकीय अंश आपल्यात उरलाच असेल, असेही नाही. दुसरे म्हणतात, आमचा कुलवृत्तांत छापील आहे. छापील असला म्हणून काय झाले? त्यातल्या बाप-लेकाच्या प्रत्येक जोडीला कागदाचा आधार आहे का, हे विचारायलाच हवे. एकाच घराण्यात आजोबांचेच नाव नातवाला ठेवण्याची आपली रीत आहे. दोन गोविंद एक झाले की अख्खी पिढी गळते.

माझे म्हणणे असे की साधन आधी निवडूच नये. आधी प्रश्न ठरवावा, आणि शोध आजपासून मागे न्यावा. रायपूर जिल्ह्यात त्यासाठी हाताशी पुष्कळ आहे. शाळेची दाखिल-खारिज पंजी, म्हणजे प्रवेश-नोंदवही, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख देते. कोटवाराने, म्हणजे गावच्या चौकीदाराने, ठाण्यात दिलेल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी आहेत. १९२९-३० च्या आसपासच्या बंदोबस्ताच्या (जमीन-महसूल आकारणीच्या) मिसलीत जमीनधारकाचे नाव, बापाचे नाव, जात आणि गाव सापडते. जातीच्या दाखल्यासाठी लोक तीच तर शोधतात! जमीन नसलेल्या नोकरदाराचे नाव तिथे मिळणार नाही, मग त्याचे सेवापुस्तक पाहावे. त्यामागे जायचे तर मोडी लिपी शिकणे भाग आहे, कारण भोसलेकालीन दप्तर मोडीत आहे, आणि त्यातल्या शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन काढता आले पाहिजे. त्र्यंबकेश्वर, प्रयाग, गया इथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्या मात्र विसरू नयेत. घराण्याचे मूळ गाव तिथे मिळण्याची शक्यता मोठी.

संगणकावर नोंद ठेवायची तर प्रत्येक विधानाला त्याचा कागद जोडता येईल आणि सगळी माहिती दुसरीकडे नेता येईल, असाच प्रोग्राम घ्यावा. आणि त्यात लेकी-सुनांची माहेरची नावे लिहावीत. जुन्या वंशावळींनी निम्मे घराणे वगळलेच आहे.

कागद जिथे संपेल तिथे वंशावळीची रेघही थांबवावी. बिंबाजींची कथा त्याखाली वेगळी छापावी: कोणी सांगितली, कोणत्या साली, कोणाकडून ऐकली, एवढ्या तपशिलासह.