दोष यंत्राचा कीं पत्त्याचा ?

भाईंदर पूर्वेस स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे कारखाने पुष्कळ आहेत. तशाच एका कारखान्याच्या कचेरींत गेल्या वर्षीं आम्हीं पाहिलेला प्रकार येथें मांडण्याचें कारण इतकेंच कीं, आमच्या शाळेंतून बाहेर पडणारे कित्येक विद्यार्थी उद्यां हेंच काम पोटासाठीं करणार आहेत.

कचेरींतील एक संगणक डोमेनमध्यें सामील होईना. डोमेन म्हणजे कचेरीचें एकच हजेरीपुस्तक. त्यांत ज्या यंत्राचें नांव चढलें, त्यावर कोणाही कारकुनास स्वतःच्या नांवानें व परवलीच्या शब्दानें काम करतां येतें. बोलावलेल्या तंत्रज्ञानें दोनदां प्रयत्न केला, डोमेन सांपडत नाहीं असा संदेश वाचला, आणि सरळ यंत्र फॉरमॅट केलें. हिशेबनिसाचीं तीन वर्षांचीं बिलें त्यावरच होतीं, तीं गेलीं. आणि मौज अशी कीं, कोरें झालेलें यंत्रही डोमेनमध्यें जाईना !

यंत्र ज्या डी.एन.एस. सर्व्हरला पत्ता विचारीत होतें, तो इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीचा होता. राउटरनें तोच नेमून दिला होता. त्यास जगांतील संकेतस्थळांचे पत्ते ठाऊक, पण कचेरीच्या आंतील डोमेन कंट्रोलरचा नाहीं. आमच्या शाळेंत प्रवेश घेण्यास निघालेल्या मुलानें मुख्याध्यापकांची खोली कोठें म्हणून चर्चगेट स्टेशनाच्या चौकशी-खिडकीवर विचारावें, तशांतली ही गत ! डी.एन.एस.च्या जागीं कंट्रोलरचाच आकडा घालतांच काम झालें.

दुसरींही कारणें असतात. केर्बेरॉस नांवाची ओळख पटविण्याची पद्धत (ग्रीक पुराणांतील पाताळाच्या दारावरील तीन तोंडांच्या कुत्र्याचें हें नांव) दोन घड्याळांतील ५ मिनिटांहून अधिक फरक सहसा चालवून घेत नाहीं. कधीं घड्याळ भिंतीवरच्याशीं जुळतें, पण कालविभाग परदेशचा निवडलेला असतो. तेव्हां चूक डोळ्यांस दिसतही नाहीं. विंडोजच्या होम आवृत्तीस डोमेनमध्यें जातांच येत नाहीं. साधा वापरकर्ता नेहमींच्या मांडणींत १० यंत्रेंच नोंदवूं शकतो. अकरावें नाकारलें गेलें, तर तें बिघडलें असें नव्हे.

फॉरमॅट केल्यानें वेळ वांचतो, असें तंत्रज्ञ म्हणतात. गिऱ्हाइकासही कांहींतरी केल्याचें दिसतें, हें खरें ! परंतु एन.एस.लुकअप ही एक आज्ञा देऊन डोमेनचा पत्ता मिळतो कीं नाहीं हें पाहण्यास अर्धें मिनिटही लागत नाहीं, आणि विंडोजच्या डिबग कप्प्यांत नेटसेटप नांवाची नोंद अपयशाचें कारण लिहून ठेवीतच असते. ती वाचावयास त्या तंत्रज्ञास कोणीं शिकविलें होतें ? आम्ही मुलांकडून नेटवर्कची व्याख्या पाठ करून घेतों. अडलेलें यंत्र त्यांच्या पुढ्यांत कधीं ठेवीत नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी आहे कीं, शाळेच्या संगणकवर्गांत एका यंत्रावर लहानसें डोमेन उभारावें, दोन जुन्या यंत्रांत मुद्दाम चुकीचा पत्ता व चुकीचें घड्याळ घालून ठेवावें, आणि नववीच्या मुलांस एक तास द्यावा. फॉरमॅट करण्यास मात्र बंदी असावी.