वऱ्हाडी बोली केवळ हसवण्यापुरती नाही



‘वऱ्हाडीला ओळख दिली ती टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांनी’ हे एका वाचकाचे पत्र वाचले. अभिनेते भारत गणेशपुरे यांनी ‘चला हवा येऊ द्या’मधून आमची बोली घरोघरी नेली, याचा आम्हाला अभिमानच आहे. पण ओळखीची सुरुवात तिथून धरणे मला मान्य नाही.

उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी 1960 सालची. संसाराचा गाडा एकटीने ओढणारी कौतिक त्यात वऱ्हाडीतच बोलते, भांडते, पोरांसाठी जीव टाकते. तिचं बोलणं वाचताना कुणाला हसू येत नाही, घशात आवंढा येतो. पुढे 1981 मध्ये ‘अरे संसार संसार’ चित्रपटात कवी विठ्ठल वाघांचं तिफणीवरचं गाणं आलं आणि वऱ्हाडातली पेरणी साऱ्या महाराष्ट्राच्या ओठांवर गेली. आमच्याकडे लग्नातले बँडवालेही ते वाजवतात!

मालिकांमध्ये मात्र वऱ्हाडी बोलणारा अजूनही बहुधा गडी नाहीतर भोळसट पाहुणा असतो. नायिका, डॉक्टर, वकील आमच्या बोलीत कधी बोलणार? वाहिन्यांच्या लेखकांनी आधी ‘धग’ वाचावी, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, मेडशी (ता. मालेगाव, जि. वाशीम)