दांडा जेव्हा हाताशी बोलतो

मुलांनो, संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवताना एक गंमत तुमच्या लक्षात आली असेल. पतंग पार खाडीकडे गेलेला असतो, डोळ्यांवर ऊन येतं, नीट दिसतही नाही. तरी वारा वाढला की पडला, हे तुम्हाला लगेच कळतं. कशावरून? बोटावरच्या दोऱ्यावरून! दोरा ताणला की ढील द्यायची, सैल पडला की खेचायचा.

वैमानिकाचंही असंच असतं बरं का! १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. त्यांच्या छोट्या 'पस मॉथ' विमानात दांडा आणि पंख-शेपटीवरच्या हलत्या फळ्या तारांनी जोडलेल्या होत्या. आजच्या छोट्या शिकाऊ विमानांतही बहुधा तशीच सोय असते. वेग वाढला की फळ्यांवर वारा जोराने दाबतो आणि दांडा जड होतो. वेग फार कमी झाला की तोच दांडा ढिला लागतो. पंखांवरची हवा विस्कटली की विमानाला पेलणारा जोर एकदम घटतो. याला 'स्टॉल' म्हणतात. पुष्कळदा त्याआधी ही विस्कटलेली हवा शेपटीवर आदळते आणि दांडा थरथरतो. वैमानिक लगेच नाक खाली करून वेग परत मिळवतो. थोडक्यात, धोक्याची पहिली सूचना हातालाच मिळते!

आता घरच्या कॉम्प्युटरवरच्या विमानाकडे येऊ. साध्या जॉयस्टिकमध्ये स्प्रिंग असते. विमान उभं असो की सुसाट निघालेलं, ती सारखाच जोर लावते. हाताला काहीच कळत नाही, सगळं ओझं डोळ्यांवर! 'फोर्स फीडबॅक' जॉयस्टिकमध्ये मात्र छोट्या मोटारी असतात. वाऱ्याचा जोर किती, याचा हिशेब कॉम्प्युटर करतो आणि तेवढ्या जोराने मोटारी दांडा ढकलतात. मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये घरच्या खेळासाठी अशी जॉयस्टिक आणली होती. मोबाइल नुसता थरथरतो, तसं हे नाही. हा दांडा खरोखर तुमच्या हाताशी झोंबतो.

आमच्या वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "बाई, मोठ्या विमानातही असंच असतं का?" प्रश्न छान आहे! मोठ्या विमानाच्या फळ्या तेलाच्या दाबाने हलतात. त्यामुळे वाऱ्याचा जोर हातापर्यंत पोचत नाही. म्हणून बोइंग ७३७ मध्ये तो जोर मुद्दाम निर्माण करतात. स्टॉल जवळ आला की दांडा हलवणारी मोटारही असते. १९८८ पासून प्रवासी नेणाऱ्या एअरबस ए-३२० च्या दांड्यात मात्र स्प्रिंगच असते! म्हणजे घरी एअरबस उडवायची, तर साधी जॉयस्टिकच खऱ्याच्या जास्त जवळची.

आता आईबाबांसाठी दोन शब्द. ही वस्तू महाग आहे. मुलाने हट्ट धरला म्हणून लगेच आणू नका. दिशा, उंची, घड्याळं वाचणं आणि धावपट्टीवर उतरणं साध्या जॉयस्टिकवरही शिकता येतं. वर्षभर आवड टिकली आणि छोटी विमानंच उडवायची असतील, तर मग विचार करा. आणि दिव्याजवळ लोकलने ब्रेक मारल्यावर अंगाला बसतो, तसा धक्का हा दांडाही देत नाही. तो फक्त हाताला शिकवतो. पण तेवढं शिकणंही मोलाचं आहे. नजर घड्याळावर खिळलेली असताना विमान मंदावतंय, हे सांगायला हातच उपयोगी पडतो.

करून पाहा : जाळी लावलेल्या टेबलफॅनसमोर वहीचा पुठ्ठा आडवा धरा. पुढची कड हळूहळू वर करा. पुठ्ठा हाताला कसा ढकलतो? आता डोळे मिटा आणि ताईला फॅनचा वेग बदलायला सांगा. वेग वाढला की कमी झाला, हे फॅनचा आवाज न ऐकता नुसत्या हाताने ओळखता येतं का? कानांवर उशी धरायला दादाला बोलवा!