सिंहाचे हृदयपरिवर्तन

“मुलांच्या कार्टूनमध्येही तुम्हाला जातच दिसते का?” आमचेच मित्र आम्हाला विचारतात. दिसते, कारण ती तिथे ठेवलेली असते.

उन्हाळी सुट्टीत वस्तीतल्या बुद्धविहारात आम्ही मुलांना ‘मादागास्कर’ दाखवला. २००५ साली आलेला ड्रीमवर्क्सचा चित्रपट. मुले पोट धरून हसली, आम्हीही हसलो. त्यातले पेंग्विन झकासच आहेत. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क प्राणिसंग्रहालयातला सिंह ॲलेक्स आणि झेब्रा मार्टी जिवलग मित्र. जिराफ आणि पाणघोड्यासह ते मादागास्करच्या किनाऱ्याला लागतात. (त्या बेटावर तेव्हा दीड कोटीहून अधिक माणसे राहत होती. चित्रपटात एकही मालागासी माणूस दिसत नाही!) तिथे सिंहाला ताटात आयते मांस मिळत नाही. भुकेपोटी मित्र त्याला मांसाचे तुकडे दिसू लागतात आणि तो मार्टीला चावतो. मग बेटावरचा एक लेमूर निकाल देतो की शिकाऱ्याची जागा बेटाच्या पलीकडे, स्वतःसारख्यांत.

हा निकाल आमच्या आजोबांनी गावात ऐकला होता. ज्याने त्याने आपल्या पायरीने राहावे.

सिंह मांस खातो हे आम्हालाही कळते. पण हे प्राणी बोलतात, वाढदिवस साजरा करतात. ती माणसेच आहेत. म्हणून ‘जन्माने ठरलेला स्वभाव’ हा धडा मुले माणसांबद्दलच शिकतात. आणि न्यूयॉर्कच्या पिंजऱ्यांना या धड्याचा इतिहास आहे. सप्टेंबर १९०६ मध्ये तिथल्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात ओटा बेंगा नावाचा काँगोचा तरुण माकडांच्या घरात ओरांगउटानसोबत लोकांना बघायला ठेवला होता. काळ्या धर्मोपदेशकांनी निषेध केला तेव्हा तो बाहेर आला. मार्च १९१६ मध्ये त्याने आत्महत्या केली. ते संग्रहालय चालवणाऱ्या संस्थेचा सचिव मॅडिसन ग्रँट. त्याच वर्षी त्याने वंशांची उतरंड शास्त्र म्हणून सांगणारे पुस्तक छापले. त्या संस्थेने ओटा बेंगाबद्दल जाहीर माफी मागितली ती २०२० मध्ये. आज सेंट्रल पार्कचे संग्रहालयही तीच चालवते.

आणि त्याच १९१६ च्या मे महिन्यात, त्याच शहरात, कोलंबिया विद्यापीठात पंचविशीतले बाबासाहेब जातीवरचा निबंध वाचत होते. जात म्हणजे दारे बंद करून घेतलेला वर्ग, अशी त्यांची मांडणी. दार कुणीतरी लावले आहे. ते रक्तातून आलेले नाही. ग्रँट ज्याला निसर्ग म्हणत होता, तसल्याच गोष्टीला बाबासाहेब कुंपण म्हणत होते.

चित्रपटातही कुंपण आहे. पश्चात्तापाने सिंह काटेरी लाकडांमागे स्वतःला कोंडून घेतो, पुढे मित्रांसाठी बाहेर येतो, आणि सगळे आनंदीआनंद. म्हणजे झेब्र्याचा जीव सिंहाच्या चांगुलपणावर! सवर्णांचे मन बदलेल तेव्हा अस्पृश्यता जाईल, असे आम्हाला सांगितले गेले होते. बाबासाहेबांनी त्या दिवसाची वाट पाहिली नाही. पाण्याचा हक्क मागायला ते १९२७ साली महाडच्या तळ्यावर गेले.

शेवटी पेंग्विन सिंहाला मासे भरवतात आणि भुकेचा प्रश्न मिटतो. तेव्हा पुढच्या रांगेतली एक दुसरीतली मुलगी म्हणाली, “दादा, माशांना कुणी विचारलं का?” माशांना चित्रपटात नाव नाही, तोंडी एक वाक्य नाही. झेब्रा वाचला तो मित्र होता म्हणून.

येत्या मे महिन्यात आम्ही हाच चित्रपट पुन्हा दाखवणार आहोत. आधी ओटा बेंगाची गोष्ट सांगू, मग पडदा लावू. पालकांनीही यावे. चहा विहारातर्फे.