हिरवळीवरची अळंबी कढईत टाकू नका

पावसाने चार दिवस झोडपले आणि उघडीप पडली, की सोसायटीच्या हिरवळीवर, मैदानांवर मोठाल्या पांढऱ्या छत्र्या उगवतात. ताटलीएवढी टोपी, वर तपकिरी खवले, देठावर वरखाली सरकणारे कडे. आयती भाजी म्हणून ती तोडू नका. ही क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस, विषारी अळंबी. हिचे कूळ अ‍ॅगॅरिकेसी, म्हणजे बाजारातल्या बटण मशरूमचेच. तेव्हा घराणे चांगले म्हणून भरवसा नको.

कोवळेपणी टोपीखालची पाती पांढरीशुभ्र असतात आणि माणूस तिथेच फसतो. ती हिरवट होतात नंतर. शंका फेडायची तर देठ कापून टोपी पांढऱ्या कागदावर पालथी ठेवा, वर वाडगा झाका. सकाळी कागदावर मळकट हिरवा ठसा उमटलेला दिसेल. तो बीजाणूंचा.

गोव्या-कोकणात आवडीने खाल्ली जाणारी वारुळाची अळंबी वेगळी. तिची प्रजाती टर्मिटोमायसेस. १९४२ साली रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे नाव दिले. वाळवी जमिनीखाली हिची बुरशी जोपासते, त्यामुळे देठाची लांब मुळी थेट वाळवीच्या घरापर्यंत उतरलेली असते. टोपीला मधोमध टोक, ठसा फिकट गुलाबी. पण गुलाबी ठसा म्हणजे खायला हरकत नाही, असेही समजू नका; एंटोलोमा प्रजातीतल्या विषारी अळंब्यांचाही ठसा गुलाबीच असतो. जिची ओळख जाणत्या माणसाने हातात घेऊन पटवलेली नाही, ती खाऊ नये. मोबाइलवरचा फोटो पाहून तर नाहीच.

विषारी अळंबीने चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण रंग बदलते, किड्यांनी खाल्ली म्हणजे चालते, ही सगळी थोतांडे आहेत.

हिरवळीवरची अळंबी पोटात गेली तर साधारण एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. घरगुती उपाय करत बसू नका, दवाखाना गाठा; उरलेली अळंबी कागदात गुंडाळून सोबत न्या. अमानिटा प्रजातीतल्या जीवघेण्या अळंब्यांचा त्रास मात्र सहा तासांनंतर, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतो. मध्ये बरे वाटते आणि तोवर यकृत निकामी होऊ लागलेले असते. म्हणून उलट्या थांबल्या तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरी परतू नका.

नुसता हात लागल्याने विष चढत नाही. मुले किंवा पाळीव कुत्री खेळतात तिथल्या छत्र्या उपटून टाका. कुत्र्यांनाही ती बाधते.